गुरुवारची हजेरी

कादंबरीकार बाईंच्या शेवटच्या कादंबरीला एकही पत्र आलं नाही. तसं एक आलं होतं, जाडसर पाकिटातलं, आणि बाईंनी ते हात पुसून, चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून उघडलं. पण ते खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं निघालं. पोस्टमन नवा होता. नणंदेनं पाकीट पुन्हा चिकटवलं, खाली नेऊन दिलं आणि गुडघा धरत वर आल्यावर म्हणाली, "डॉक्टरला वाचक आहेत बघ."

नणंद आणि भावजय अशा दोघीच त्या घरात राहायच्या. दोघींना जोडणारा माणूस, म्हणजे एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर "आता मी कुठं जाऊ" असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही, म्हणून दोघी राहिल्या. नणंदेनं बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिले होते. हजारो माणसांची भांडणं, सोयरिकी आणि रडणी तिच्या कानातून गेली होती आणि त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. बाईंचा धंदा नेमका उलटा. कानावर पडलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची.

प्रकाशकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुमचा तो ब्लॉग पुन्हा सुरू करा. वाचक आहेत हो. तुम्ही कुठं आहात ते त्यांना माहीत नाही, एवढंच."

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत बाई दर बुधवारी ब्लॉग लिहायच्या. चार-पाच लेखकांचं एक टोळकं तेव्हा तिथं जमायचं आणि एकमेकांच्या पोस्टखाली एकमेकांची टोपी उडवायचं. वाचक स्वतःच्या आयुष्यातले तुकडे आणून द्यायचे: कुणाची आजी भांडण झालं की भिंतीकडं तोंड करून जेवायची, कुणाचे वडील बूट झोपताना उशाशी घ्यायचे. असे तुकडे बाई कादंबरीत विणायच्या. मग त्यांची एक कादंबरी गाजली, भाषणांची आमंत्रणं आली, आणि ब्लॉग आज लिहू उद्या लिहू करत कायमचा राहिला.

पासवर्ड नणंदेला आठवत होता. "मी कधी सांगितला तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"टाइप करताना पुटपुटतेस," नणंद म्हणाली. "मोठ्यानं."

पहिल्या बुधवारी बाईंनी लिहिलं, "मी आले आहे. कोणी आहे का?" दुपारपर्यंत अकरा कमेंट आल्या. एक खूनवाल्यांची होती. खूनवाले म्हणजे खुनाच्या कादंबऱ्या लिहिणारे गृहस्थ; एकोणचाळीस खून पाडूनही माणूस इतका भित्रा, की झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढायचा. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, आम्ही तुमचा मृतदेह शोधत होतो." बाई कितीतरी दिवसांनी एकट्याच मोठ्यानं हसल्या.

आणि गुरुवारी सकाळी, सगळ्यांच्या खाली, एक शब्द: "हजर."

बाईंनी नणंदेला हाक मारली. पूर्वीही दर गुरुवारी, बुधवारची पोस्ट वाचून झाली की, ही बाई शाळेतल्या हजेरीसारखा एवढाच शब्द टाकून जायची. नाव नाही, गाव नाही, कौतुक नाही. नणंदेनं तेव्हाच तिचं नाव हजरबाई पाडलं होतं.

"तुझी हजरबाई जिवंत आहे म्हणायची," नणंद म्हणाली, आणि तिनंही पडद्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

कारण हजरबाईनं एकदाच, दहा वर्षांपूर्वी, ब्लॉगवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून एक मोठा मजकूर पाठवला होता. ईमेलच्या जागी काहीतरी खोटंच भरलं होतं. उत्तर पाठवलं की ते तसंच परत यायचं. तिनं लिहिलं होतं की ती नवऱ्याच्या घरातून निघाली ती एका लायब्ररीतून. ती घराबाहेर पडताना नवरा तिची पिशवी तपासायचा. पुस्तक उलटं धरून झटकायचा. पण पुस्तकाला घातलेलं खाकी कव्हर त्यानं कधी काढलं नाही. त्या कव्हराच्या आत, पुठ्ठ्याला चिकटवून, तिनं दर आठवड्याला एक असे स्वतःचे कागद बाहेर नेले. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, टायपिंगचं प्रमाणपत्र. लायब्ररीवाली बाई पुस्तक परत घेताना कव्हर सोडवायची, कागद काढून फाटक्या पुस्तकांच्या कपाटात ठेवायची आणि काही न बोलता पुढचं पुस्तक हातात द्यायची. कागद आठ होते. सात निघाले. आठवा, वडिलांनी तिला लिहिलेलं एकुलतं एक पत्र, नवऱ्याच्या घरातल्या कपाटाच्या खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली राहिलं.

खाली लिहिलं होतं, "हे तुमच्या कादंबरीत वापरा, मला आवडेल. फक्त ढकलगाडीचं लिहू नका. ती अजून कुणाच्या तरी उपयोगाची असेल."

ढकलगाडी म्हणजे परत आलेली पुस्तकं फळीपर्यंत नेण्याची चाकांची गाडी. ती दारात आडवी उभी असली की आत यायचं नाही, वळून बघायचं नाही, सरळ पुढं चालत जायचं: आज धोका आहे. ही खूण त्या दोघींतली होती.

बाईंनी तिचा शब्द पाळला. कादंबरीत खाकी कव्हर आलं, लायब्ररी आली, ढकलगाडी आली नाही. आणि सुटसुटीत व्हावं म्हणून त्यांनी कागद सातच ठेवले. सातच्या सात बाहेर निघतात. तीच ती गाजलेली कादंबरी. खाकी कव्हराचा प्रसंग वाचून बायका भाषणानंतर बाईंचा हात धरून रडायच्या.

आता ब्लॉग पुन्हा सुरू झाल्यावर काय लिहावं, तर बाईंना वाटलं, पडद्यामागचं लिहावं. सदराला नाव दिलं "हे कुठून आलं?" पहिल्यांदा भिंतीकडं तोंड करून जेवणारी आजी घेतली. त्या आजीची नात कमेंटमध्ये आली आणि म्हणाली, आजी गेली, पण आता आईनं तीच सवय उचलली आहे. काय धमाल उडाली. पुढच्या बुधवारी बाईंनी खाकी कव्हर घेतलं.

त्यांनी लिहिलं की हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, एका वाचक मैत्रिणीनं दिलेलं आहे, खरं घडलेलं आहे. साठ कमेंट आल्या. त्यात "कृतज्ञ वाचक" नावाच्या कुणीतरी अतिशय सभ्य भाषेत विचारलं, "त्या लायब्ररीवाल्या बाईंना वंदन करावंसं वाटतं. ही लायब्ररी मोठी होती की एखाद्या दुकानाच्या माडीवरची छोटीशी?" बाईंनी उत्तर दिलं, "माडीवरचीच. जिना इतका अरुंद, की चढणारा आणि उतरणारा यांना एकमेकांची माफी मागावी लागायची." हे हजरबाईच्या मजकुरात होतं आणि वाक्य चांगलं होतं. चांगलं वाक्य बाईंना कधी गिळता आलं नाही.

त्या गुरुवारी "हजर." आलं. आणि संपर्काच्या फॉर्ममधून, इतक्या वर्षांनी, दुसरा मजकूर आला, चार ओळींचा.

"तुम्ही परत आलात, बरं वाटलं. मी आता चष्म्याच्या दुकानात काम करते. माझ्या टेबलाशी बसलं की नदीवरचे दोन्ही पूल दिसतात, जुना आणि नवा. कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

बाईंनी तो नणंदेला वाचून दाखवला. नणंदेनं भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "चष्म्याचं दुकान," ती म्हणाली. "म्हणजे येणाऱ्याला विचारते, आता दिसतंय का, आता दिसतंय का." मग पुन्हा सुरी उचलली. "छान आहे. तुझ्यापाशीच ठेव."

त्या पुढच्या बुधवारी, खाकी कव्हराच्याच पोस्टखाली, "पुस्तकप्रेमी" नावाच्या कुणीतरी विचारलं, "ती बाई आता सुखात आहे का? एवढंच कळलं तरी जिवाला बरं वाटेल." आणि बाईंनी, ज्यांना तीन वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, भरल्या मनानं लिहिलं की हो, ती सुखात आहे, दोन पुलांच्या गावात लोकांना चष्मे देते, आणि जुना पूल नि नवा पूल तिला एकाच खिडकीतून दिसतात. दोनशे लोकांनी त्या उत्तराखाली बदाम टाकले.

नणंदेला सांगायचं राहिलं. म्हणजे बाईंनी सांगितलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला खूनवाल्यांचा फोन आला. फोनवर ते नेहमी आधी तब्येत, मग हवामान, मग प्रकाशकांची निंदा अशा क्रमानं जायचे. आज तिन्ही गाळलं.

"ताई, कॉम्प्युटर समोर आहे का? खाकी कव्हराची पोस्ट उघडा. कमेंट वाचा. कोण काय म्हणतंय ते नको, कोण स्वतःबद्दल काय सांगतंय ते बघा."

"म्हणजे?"

"खरा वाचक स्वतःबद्दल बोलतो हो. 'माझी आई पण अशीच', 'आमच्याकडे पण असं झालं'. तुमची स्तुती करतानासुद्धा त्याला स्वतःचंच सांगायचं असतं. तुम्हाला वाईट वाटेल, पण हे असं आहे. साठातले सत्तावन्न जण तेच करतायत. तिघं स्वतःबद्दल एक शब्द बोलत नाहीत. कृतज्ञ वाचक, पुस्तकप्रेमी आणि जुना सभासद. तिघं फक्त विचारतात. आणि एकाचा प्रश्न जिथं संपतो तिथून दुसऱ्याचा सुरू होतो."

बाईंनी वर-खाली केलं. लायब्ररी छोटी होती का. खाली दुकान कशाचं होतं. लायब्ररीवाल्या बाई अजून हयात असतील का. ही वाचक तुमच्याशी अजून बोलते का. ती सुखात आहे का. पाच प्रश्न, आणि प्रत्येकाखाली बाईंचं लाघवी, लांबलचक उत्तर. एका रांगेत वाचल्यावर ती उत्तरं वाट सांगितल्यासारखी दिसत होती: इथून सरळ जा, मग डावीकडं वळा.

"मी माझ्या पुस्तकात डिटेक्टिव्हला असंच बोलायला लावतो," खूनवाले म्हणाले. "म्हणून ओळखू आलं. ताई, तुमच्या ब्लॉगवर माझ्या धंद्यातला माणूस आलाय."

"कुणी अभ्यासक असेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आर्जव होतं, जसं काही अभ्यासक पाठवणं खूनवाल्यांच्या हातात होतं.

तेवढ्यात पडद्यावर नवी कमेंट उमटली. कृतज्ञ वाचक. बाईंनी ती फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यावर थांबल्या. नणंद दारात येऊन उभी राहिली होती. उरलेलं तिनं खांद्यावरून वाचलं, तिच्या जुन्या ऑपरेटरच्या सपाट आवाजात.

"'कादंबरीत सात कागद आहेत. मला नेहमी वाटत आलं की ते आठ असावेत. एखादं पत्र मागं राहिलं असेल, कपाटात कागदाखाली. वडिलांचं वगैरे. असं पत्र माझ्याकडं असतं, तर मी ते स्वतः जाऊन तिच्या हातात दिलं असतं.'"

फोनमध्ये खूनवाल्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पुस्तकात आठवा कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आठवा कागद कुणाला माहीत आहे?"

"मला. वन्संना. तिला." बाईंना चौथं नाव घ्यायची गरज पडली नाही.

नणंदेनं खुर्ची ओढली आणि बसली. भावजयीकडं न बघता तिनं पडद्यावर मागं मागं जात सगळं वाचून काढलं. दोन पुलांवर आली. बराच वेळ तिथंच राहिली.

"हे तू सगळ्यांना सांगितलंस," ती म्हणाली. चढा आवाज नाही, टोमणा नाही. टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"वन्सं, मला वाटलं—"

"तुला छान वाटलं," नणंद म्हणाली. "ते मला कळतं. बत्तीस वर्षं मलाही छान छान ऐकू यायचं."

बाईंनी उत्तर पुसून टाकायला हात पुढं केला. खूनवाले फोनमधून म्हणाले, "थांबा. पुसलंत तर त्याला कळेल की तो बरोबर रस्त्यावर आहे. आणि त्यानं ते कधीच उतरवून घेतलंय, ताई. अशी माणसं उतरवून घेतात."

मग दुपारभर दोघींनी जे जे सुचेल ते केलं. पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. तिथला अधिकारी सज्जन होता. त्यानं वही उघडली आणि विचारलं, त्या वाचक बाईंचं नाव? माहीत नाही. राहतात कुठं? माहीत नाही. माणसाचं नाव? माहीत नाही. त्यानं धमकी दिली आहे? नाही, तो फार नम्र आहे. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि काही घडलं तर जरूर या, असं सांगितलं.

घरी आल्यावर नणंदेनं नकाशा काढला. नदी आणि दोन पूल, एक जुना, एक नवा, अशी गावं शोधायला तिला चहाचा एक कप लागला. आठ सापडली. "मला सापडली, म्हणजे कुणालाही सापडतील," ती म्हणाली, आणि फोन मांडीवर घेऊन बसली. आठ गावांतली चष्म्याची दुकानं एकेक करून लावायची आणि एवढंच सांगायचं: तुमच्याकडं काम करणाऱ्या बायकांना कळवा, कुणीतरी शोधत आहे. नाव सांगता येत नाही. हो, माहीत आहे विचित्र वाटतंय. काही जण हसले. काहींना वाटलं ही काहीतरी विकायला आली आहे. एकानं चष्म्यांवरची सूट सांगितली.

तिसऱ्या गावातल्या दुसऱ्या दुकानातल्या माणसानं मध्येच तोडलं. "आज तुम्ही दुसऱ्या."

नणंदेची पाठ ताठ झाली. "पहिलं कोण होतं?"

"एक साहेब. सकाळी. आमच्याकडं कोण कोण बायका कामाला आहेत विचारत होते. काय चाललंय काय तुमचं?" आणि त्यानं फोन आपटला.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तिथं हजरबाई असेलच असं नव्हतं. पण तीच यादी घेऊन आणखी कुणीतरी बसलं होतं, आणि त्यानं सकाळीच सुरुवात केली होती. आपण त्याच्या मागं आहोत की पुढं, एवढंच कळत नव्हतं. तो वरून सुरुवात करून खाली येत असेल, किंवा खालून वर.

नणंदेनं उरलेली सगळी दुकानं लावली. आवाज बसला तरी लावली. संध्याकाळी फोन ठेवला आणि म्हणाली, "एक गोष्ट नक्की ठाऊक आहे आपल्याला. ती बुधवारची पोस्ट वाचते. गुरुवारपर्यंत वाचतेच."

"उघड कसं लिहू? तोही वाचतो."

बाईंना सुचलं होतं, पण जे सुचलं होतं ते नेमकं तेच होतं जे लिहू नका असं हजरबाईनं बजावलं होतं.

"वन्सं, ढकलगाडी," त्या म्हणाल्या.

नणंदेच्या गुडघ्यासाठी घरात चाकांची एक छोटी गाडी होती. स्वयंपाकघरातून चहा, औषधं, वर्तमानपत्र असं त्यावर ठेवून ती ढकलत न्यायची. बुधवारी सकाळी दोघींनी ती रिकामी केली. वर पुस्तकं रचली. पुस्तकांना खाकी कव्हर नको, असं बाई म्हणाल्या, ते फार होईल. गाडी अभ्यासिकेच्या दारात आडवी लावली. फोटो काढायला बाई बाहेरच्या खोलीत गेल्या आणि नणंद आतच अडकली.

"मला बाहेर काढ आधी."

"एक मिनिट. कोपर दिसतंय तुमचं."

"माझं कोपर बघून पळून जाईल ती, दुसरी खूण कशाला हवी," नणंद म्हणाली. दोन दिवसांत दोघी पहिल्यांदा हसल्या, आणि हसू लगेच संपलं.

पोस्ट बाईंनी इतकी साधी लिहिली, की आयुष्यात त्यांनी इतकं साधं कधी लिहिलं नव्हतं. मथळा दिला "आवराआवर". खोली आवरते आहे. उसनी दिलेली पुस्तकं परत आली आहेत, ती गाडीवर ठेवली आहेत. गाडी दारात आडवी आहे. आज कुणी आत येऊ नका, पसारा आहे. वर फोटो. ढकलगाडीचा अर्थ कुठं नाही, लायब्ररीचं नाव नाही, हजरबाईचा उल्लेख नाही. एकही चांगलं वाक्य नाही. प्रसिद्ध करायचं बटण दाबताना त्यांना वाटलं, कुठल्या तरी जिन्याच्या वर एक म्हातारी लायब्ररीवाली अजून बसली असेल, आणि तिची खूण आपण आत्ता बाजारात मांडली.

वाचकांना पोस्ट काही फारशी आवडली नाही. "ताई, आमचाही पसारा असाच." "ताई, हे कुठून आलं याचं पुढचं कधी?" खूनवाल्यांनी सगळं नेहमीसारखं वाटावं म्हणून लिहिलं, "आवरू नका, पुरावे नष्ट होतील," आणि लगेच फोन करून विचारलं, जास्त झालं का.

बाराच्या सुमाराला जुना सभासद आला. "सुंदर खोली. पण गाडी दारात आडवी का?"

बाईंचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. नणंदेनं खुर्चीच्या पाठीला धरलं.

"तो अजून विचारतोय," ती हळूच म्हणाली. "विचारतोय, म्हणजे सापडलेली नाही."

हे बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी उत्तर लिहिलं, "फरशी ओली आहे म्हणून." आणि त्या दिवशी दुपारी त्यांना दोन घास गेले.

गुरुवारी सकाळी दोघी सात वाजल्यापासून पडद्यासमोर होत्या. नऊ वाजले, अकरा वाजले. एकीनंही दुसरीला "जा, अंघोळ करून घे" म्हटलं नाही. "हजर." आलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ झाली. पूर्वी लिहीत असताना आणि आता परत आल्यावर, बुधवारनंतरचा एकही गुरुवार त्या बाईनं चुकवला नव्हता.

"तिनं बघितलं," बाई म्हणाल्या. "गाडी दारात असली की आत यायचं नाही. सरळ पुढं चालत जायचं. ती आत आली नाही, वन्सं. बघितलं म्हणूनच आली नाही."

"हो," नणंद म्हणाली.

"बरोबर ना?"

नणंदेनं चष्मा काढून पदरानं पुसला. "लाईनवर गप्पपणा दोन जातीचा असायचा," ती म्हणाली. "एक, समोरचा ऐकतोय पण बोलत नाही. दुसरी, लाईन मेलेली. आम्ही प्लग लावून ऐकायचो आणि आम्हाला फरक कळायचा. मेलेल्या लाईनीतल्या गप्पपणाला खोली नसते." तिनं पडद्याकडं पाहिलं. "ह्याला प्लग नाही गं लावता येत."

त्या संध्याकाळी कृतज्ञ वाचकाची कमेंट आली नव्हती. पुस्तकप्रेमीची नव्हती, जुन्या सभासदाचीही नव्हती. शुक्रवारी नव्हती. रविवारी बाईंनी खूनवाल्यांना फोन केला आणि विचारलं, तुमच्या पुस्तकात डिटेक्टिव्ह प्रश्न विचारणं केव्हा थांबवतो? खूनवाले म्हणाले, "ताई, कंटाळला असेल. खरी माणसं कंटाळतात. ते पुस्तकात चालत नाही म्हणून आम्ही लिहीत नाही." आणि पुढं हवामानाबद्दल बोलू लागले.

आता पाच आठवडे झाले. बाईंनी नवी पोस्ट टाकलेली नाही. टाकली तर ती वर येईल आणि गाडी खाली जाईल, आणि उशिरा बघणाऱ्याला दार मोकळं दिसेल. प्रकाशक फोन करून थकले. वाचक लिहितात, ताई, पुन्हा गायब? सवयच आहे तुमची. एकेक करून ते निघूनही चालले आहेत. दर गुरुवारी सकाळी दोघी खुर्च्या ओढून बसतात, आणि पानाच्या तळाशी जाताना बाईंना स्वतःची लाज वाटेल अशी एक गोष्ट त्यांच्या मनात येते. हजरबाईचा शब्द यायचा नाही, ते त्यांनी मान्य केलं आहे, येऊच नये. त्या वाट बघतात ती त्याची. त्यानं यावं. नम्रपणे, सभ्य भाषेत, काहीतरी विचारावं. अजून सापडत नाही, असं कळेल एवढं तरी.

"आहे का?" नणंद विचारते.

"नाही."

नणंद उठते. खरी गाडी अजून अभ्यासिकेच्या दारात आडवी आहे; फोटो काढून झाला तरी ती हलवायचं दोघींपैकी कुणाच्या मनात आलेलं नाही. दुखऱ्या गुडघ्यानं, पोट आत ओढून, भिंतीला हात लावत नणंद गाडी आणि चौकट यांच्या फटीतून तिरकी तिरकी बाहेर पडते. चहाचे कप आता ती हातातच आणते, एका वेळी एक.

"हलवू का मी बाजूला?" बाई एकदाच म्हणाल्या होत्या.

"असू दे," नणंद म्हणाली. "कुणी बघत असेल."